स्ट्रीमिंगला 'लायब्ररी सिंक' करू दिलं तर माझ्या फायलींचं काय होतं?

अडगळवाली
संगणकावर जवळपास २०० जीबी गाणी आहेत. निम्मी स्वतःच्या सीड्यांवरून उतरवलेली, काही विकत घेऊन डाउनलोड केलेली, आणि उरलेली दुसरीकडे कुठेही न मिळणारी: कॅसेटवरून उतरवलेले लाइव्ह कार्यक्रम, मित्रांच्या बँडचा कधीच न निघालेला अल्बम, घरच्या माणसांचे आवाज. टॅग (म्हणजे फायलीतच लिहिलेली गाण्याची माहिती), मुखपृष्ठं, साथीदारांची नावं, सगळं हाताने भरलेलं.

आता घरात स्ट्रीमिंगची वर्गणी आली आहे. ॲप उघडलं की पहिल्यांदा विचारतं, "लायब्ररी सिंक करायची का?" मी आपली "नंतर" दाबत बसले आहे. जालावर शोधलं तर निम्मे लोक म्हणतात काही होत नाही, निम्मे म्हणतात वाट लागते. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, 'हो' म्हटल्यावर नेमकं काय होतं? नुसतं "बॅकअप घ्या" सांगू नका प्लीज, तेवढं मलाही कळतं.

शंकेखोर
मुळात हे २०० जीबी सांभाळायचेच कशाला? जे ऐकायचं ते सगळं ॲपवर आहे. मी माझा साठा कधीच उडवला, आजवर एकाही गाण्यावाचून अडलेलं नाही. डिस्का, केबली, टॅग, हे सगळे रिकामपणचे उद्योग.

बेसूर बादशहा
बॅकअप घ्या.
(पळतो)

अडगळवाली
@शंकेखोर, मित्रांच्या बँडचा अल्बम कोणत्या ॲपवर आहे तेवढं सांगा, आत्ता वर्गणी भरते.
@बादशहा, खिक्.

तारसप्तक
मी 'हो' म्हटलं होतं. सेवेचं नाव घेत नाही, उगाच कंपूबाजी सुरू होईल.

माझ्याकडे एका लाइव्ह कार्यक्रमाचं नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. सुरुवातीला गायक ध्वनिव्यवस्थावाल्याला "मॉनिटर थोडा वाढव" म्हणतो, कोणीतरी खोकतं, तबल्यावर दोन टकटक होतात आणि मग गाणं उचललं जातं. सिंक झाल्यावर फोनवर तेच लावलं, तर थेट पाच मिनिटांची गुळगुळीत स्टुडिओ आवृत्ती! वर नाव तेच, कलाकार तोच, मी चिकटवलेलं मुखपृष्ठसुद्धा तेच. ऐकल्याशिवाय कळणारच नाही असा मामला. संगणकावरची मूळ फाइल जागच्या जागी होती, म्हणून ताळा तरी करता आला. मग इतर गाणी तपासायला घेतली. रीमिक्सच्या जागी साधं, जुन्या मास्टरच्या जागी नवं रीमास्टर, शिव्या असलेल्या गाण्याच्या जागी सोवळं. सगळी मिळून फार नव्हती, पण जी होती ती नेमकी आवडीची.

उंबराचं फूल
सोवळं गाणं =)) 

कळफलक
जरा सविस्तर लिहितो, कारण 'सिंक' या एका बटणाखाली तीन निरनिराळे प्रकार खपवले जातात आणि म्हणूनच लोकांचे अनुभव जुळत नाहीत.

एक, वर काहीच न चढवणारा. स्पॉटिफाय यातलं. 'लोकल फाइल्स' चालू केलं की ते तुमच्या फोल्डरमध्ये डोकावतं आणि तिथूनच वाजवतं. तुमची फाइल त्यांच्या सर्व्हरवर जात नाही. धोका जवळपास शून्य, सोयही बेताचीच.

दोन, निव्वळ साठवणूक. यूट्यूब म्युझिकवर १,००,००० पर्यंत गाणी चढवता येतात आणि ती फक्त तुमच्या खात्यात दिसतात. चढवून झालं की तुमच्या डिस्कशी त्यांचा संबंध संपला.

तीन, जुळवाजुळव. घोळ इथे आहे. ॲपलने हे २०११ मध्ये आयट्यून्स मॅचबरोबर आणलं आणि २०१५ मध्ये ॲपल म्युझिक आल्यावर ते घराघरात पोचलं. तुमचं गाणं त्यांच्या भांडारात सापडलं तर तुमची फाइल वर जातच नाही. 'मॅच्ड' अशी खूण पडते आणि तुमच्या बाकीच्या उपकरणांवर त्यांची प्रत येते, २५६ केबीपीएस एएसी (आवाज दाबून लहान केलेली फाइल). नाही सापडलं तर तुमची फाइल वर जाते, पण ती लॉसलेस म्हणजे आवाजाचा कणही न गमावलेली असली तरी तिकडे जाताना २५६ एएसीच होते. २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल वर जातच नाही. ॲपल म्युझिकच्या वर्गणीदारांसाठी ही जुळणी सुरुवातीला फक्त टॅग बघून व्हायची, त्यामुळे लाइव्ह आणि स्टुडिओची सरमिसळ सर्रास. २०१६ पासून ऑडिओ फिंगरप्रिंट म्हणजे प्रत्यक्ष आवाज तपासून होते, तेव्हापासून प्रकार बराच सुधारला.

आता मूळ प्रश्न. ज्या संगणकावर मूळ फाइल आहे तिथली फाइल नुसत्या सिंकमुळे बदलत नाही. जाते ती नंतर, आणि बहुतेक वेळा आपल्याच बोटाने. जागा कमी पडली की माणूस 'रिमूव्ह डाउनलोड' दाबतो. शब्द वाचून वाटतं, डाउनलोड केलेली प्रत जाईल. पण ती फाइल डाउनलोड केलेली नसतेच, ती तुमची सीडीवरून उतरवलेली मूळ फाइल असते. ती कचरापेटीत जाते, आणि पुन्हा ढगाच्या चिन्हावर टिचकी मारली की येते ती त्यांची प्रत. 'डिलीट फ्रॉम लायब्ररी' तर त्याहून पुढचं, ते सगळ्या उपकरणांवरून काढतं.

ॲपल स्वतःच्या मदतपानावरही सांगतं की हा बॅकअप नाही, आधी लायब्ररीचा बॅकअप घ्या. ते पान कोण वाचतं, हा वेगळा प्रश्न.

अडगळवाली
हे मला हवं होतं. दंडवत. म्हणजे "काही होत नाही" म्हणणारेही खरे आणि "वाट लागते" म्हणणारेही खरे.

पण मग कोणतं गाणं कुठल्या अवस्थेत आहे हे कळायचं कसं?

कळफलक
ॲपलच्या ॲपमध्ये गाण्यांच्या यादीत 'क्लाउड स्टेटस' नावाचा स्तंभ चालू करता येतो. मॅच्ड, अपलोडेड, पर्चेस्ड, इनएलिजिबल वगैरे दिसतं. त्या स्तंभावर क्रम लावा. 'मॅच्ड'मधली लाइव्ह रेकॉर्डिंगं आणि रीमिक्स तेवढी कानाने तपासा, बाकीच्यांच्या वाटेला जायची गरज नाही. फाइलचं एक्स्टेन्शनही बघा. एम४पी दिसलं की ती कुलूपबंद प्रत, वर्गणी संपली की वाजणार नाही.

प्रत्येकी_दोन
बॅकअपबद्दल मी लिहितो, सांगू नका म्हटलंय तरी.

सगळ्यात मोठा गैरसमज: सिंक किंवा मिरर म्हणजे बॅकअप. विंडोजवर रोबोकॉपी हे फायलींची नक्कल करणारं साधन मिरर पर्यायाने चालवलं की मूळ जागी जे पुसलं ते दुसऱ्या डिस्कवरही इमानेइतबारे पुसलं जातं. मूळ जागी ॲपने टॅग बिघडवले की बिघडलेले टॅगही तिकडे जातात. म्हणजे दोन डिस्का, दोन्हीवर तीच घाण. जुन्या आवृत्त्या ठेवणारं काहीतरी हवं. टाइम मशीन, फाइल हिस्टरी, नाहीतर आरसिंकने तारखेवार फोल्डर.

माझी रचना अशी. 'मूळ' नावाचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर. त्यात सीडीवरून उतरवलेलं फ्लॅक (लॉसलेस फाइल) जातं आणि त्यानंतर तिथे काही बदलत नाही. ती डिस्क एरवी जोडलेलीच नसते. कोणत्याही स्ट्रीमिंग ॲपला तिचा पत्ता माहीत नाही. ॲपला मिळते ती दुसरी, लहान आकाराची प्रत. तिचं काय करायचं ते करू दे. पाहुण्याला खोली द्यावी, कपाटाची किल्ली कशाला?

तिसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी, नातेवाइकाच्या घरी किंवा साध्या क्लाउड साठवणुकीत. साध्या म्हणजे जी संगीताला संगीत म्हणून ओळखत नाही, फाइल दिली की तीच फाइल परत देते अशी.

तारसप्तक
+१. शेवटचं वाक्य मोलाचं. फायलीत काय आहे हे ज्या सेवेला कळतं, तीच 'सुधारणा' करायला जाते.

शंकेखोर
एवढा खटाटोप? आणि तुमच्या डिस्का अमर आहेत का? माझ्या ओळखीत डिस्क बंद पडून संगीत गेलेले लोक आहेत. ढगातून गेलेला एकही नाही.

सुटं_नाणं
@शंकेखोर, ओळखीत नसतील, पण इतिहासात आहेत. मायस्पेसवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, २०१९ मध्ये कंपनीनेच तसं सांगितलं. नवख्या बँडवाल्यांची ती एकुलती एक प्रत होती. गूगल प्ले म्युझिकवर लोकांनी हजारो गाणी चढवली होती. २०२० च्या अखेरीस ते बंद झालं आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथलं सगळं पुसलं गेलं. त्यांनी आधी सांगितलं, यूट्यूब म्युझिककडे न्यायची सोयही दिली, हे खरं. पण ज्याने ते ई-मेल उघडलंच नाही त्याचं गेलं. मायक्रोसॉफ्टने ग्रूव्ह म्युझिकची स्ट्रीमिंग वर्गणी २०१७ च्या शेवटी गुंडाळली. त्याच्याही आधी २००८ मध्ये कुलूपबंद गाणी विकणाऱ्या दुकानांनी परवान्याचे सर्व्हर बंद करायचं ठरवलं, तेव्हा पैसे मोजलेली गाणी नव्या संगणकावर वाजणार नाहीत म्हणून केवढी ओरड झाली होती.

बेसूर बादशहा
मला ते ई-मेल आलं होतं. ऑफरचं समजून पुसलं. तिकडे होती फक्त माझी स्वतःची गाणी, त्यामुळे जगाचं नुकसान झालेलं नाही.

शंकेखोर
ठीक आहे, सेवा बंद पडतात. तरी माझा मुद्दा अर्धा उभाच आहे. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांसाठी इतकी धडपड व्यर्थ. दुर्मीळ असेल ते जपा, बाकीचं सोडा. २०० जीबीतलं किती खरोखर दुर्मीळ आहे?

अडगळवाली
प्रश्न रास्त आहे. अंदाजे वीसेक जीबी असेल. पण उरलेल्यातही बऱ्याच सीड्या आता विकत मिळत नाहीत, आणि स्ट्रीमिंगवर त्याच अल्बमचं आवाज चढवलेलं रीमास्टर आहे.

ढोलताशा
रच्याकने, या जुळवाजुळवीचा फायदाही सांगा की. माझ्याकडे फार जुन्या काळी १२८ केबीपीएसमध्ये उतरवलेल्या एमपी३ होत्या, झांजा वाजल्या की फुसफुस ऐकू यायची. सीड्या केव्हाच ओरखडून गेल्या. मॅच करून सगळ्यांच्या २५६ च्या प्रती मिळाल्या. कुलूपही नाही.

प्रत्येकी_दोन
हे मान्य. सीडी नसेल तर ते चांगलंच. फक्त जुन्या १२८ वाल्या लगेच उडवू नका, आधी नव्या ऐकून घ्या.

उंबराचं फूल
१२८ आणि २५६ मधला फरक खरंच ऐकू येतो का हो? की मनाचे खेळ?

कळफलक
१२८ जुन्या एन्कोडरने केलेलं असेल तर बहुतेकांना येतो. २५६ एएसी आणि फ्लॅक यांत मला येत नाही. फूबार२००० मध्ये एबीएक्स चाचणीचं साधन आहे, डोळ्यांआड दोन्ही ऐकवतं. एकदा करून बघा, अहंकार उतरतो.

तारसप्तक
मला येतो.

कळफलक
चाचणीचा निकाल डकवा, मग बोलू.

तारसप्तक
हेडफोन दुरुस्तीला गेलाय.

बेसूर बादशहा
=)) =)) इथेच थांबलो असतो तरी धागा वसूल.

प्रत्येकी_दोन
फ्लॅक कानासाठी नाहीच, साठ्यासाठी आहे. सीडीचा आवाज १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत तोच आवाज बिट न बिट ठेवतं. उद्या कुठलंही नवं स्वरूप आलं तर त्यातून पुन्हा करता येतं. एएसीमधून एमपी३, त्यातून आणखी काही, असं केलं तर दर वेळी थोडं झिजतं.

आणखी एक, जे फारसं कोणी वापरत नाही. प्रत्येक फ्लॅक फायलीत मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा, साठवलेला असतो. फ्लॅकच्याच साधनाला 'टेस्ट' करायला सांगितलं की ते पूर्ण फाइल उलगडून चेकसमशी ताडून बघतं. एक बिट फिरला असेल तरी बोंब मारतं. सगळ्या साठ्यावर रात्री लावून झोपा. एमपी३ मध्ये अशी सोय नाही, तिथे चेकसमची यादी वेगळी करून ठेवावी लागते.

वाचनमात्र_आजवर
पहिलाच प्रतिसाद. माझ्या गाण्यांची नावं देवनागरीत आहेत. काही प्लेअरमध्ये सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. स्ट्रीमिंग ॲपला दिली तर आणखी बिघडतील का?

कळफलक
स्वागत. प्रश्नचिन्हं दिसतात कारण टॅग जुन्या पद्धतीचे आहेत. आयडी३ म्हणजे एमपी३ मध्ये टॅग लिहायची पद्धत, तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट्स मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही. एमपी३टॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन आयडी३ आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ असं लिहायला सांगा. जुने-नवे जवळपास सगळे प्लेअर ते वाचतात. पहिल्या आवृत्तीचा टॅग काढूनच टाका, काही प्लेअर नेमका तोच आधी वाचतात. फायलीत आत्ताच प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील तर मात्र अक्षरं परत येणार नाहीत, नव्याने टंकावं लागेल.

देवनागरी नावांची गाणी चुकीची जुळण्याची शक्यता मला तरी कमीच दिसली. भांडारातली नावं बहुधा रोमन लिपीत असतात, पण आवाज ताडून बघितल्यावर नावाशी देणंघेणं उरत नाही.

वाचनमात्र_आजवर
झालं! २.३ करताच अक्षरं दिसायला लागली. आभारी आहे.

उंबराचं फूल
टॅगचं निघालंच आहे तर, गाण्याला दिलेल्या चांदण्या (रेटिंग) आणि 'किती वेळा ऐकलं' याचे आकडे फायलीत नसतात बरं का. निदान आयट्यून्सच्या कुळात तरी ते लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये असतात. गाण्यांच्या फोल्डरचा बॅकअप घेतला आणि डेटाबेस राहिला, तर गाणी परत येतात, आवडीनिवडी येत नाहीत. फाइल मेनूतून लायब्ररी एक्स्पोर्ट करा, एक्सएमएल मिळतं, ते गाण्यांशेजारीच ठेवा.

सुटं_नाणं
प्लेलिस्टसुद्धा. वर्गणी बंद केली की ॲपमधली यादी अडकते. साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिकसारख्या सेवा एका ॲपमधून दुसऱ्यात यादी नेतात. मी अधूनमधून यादी साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून ठेवतो. गाणं, कलाकार, अल्बम, बास.

ढोलताशा
ॲपमध्ये ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी सरळ उचलून डिस्कवर ठेवली तर? एक सॉफ्टवेअर आहे, कुलूप काढून देतं, नाव सांगू का?

संपादक
ढोलताशा, कुलूप तोडणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं इथे देऊ नयेत. धागा छान चालला आहे, तसाच राहू द्या.

ढोलताशा
बरं बाबा. व्यनिसुद्धा करत नाही.

सुटं_नाणं
तशी ती डाउनलोडं स्वतःची नसतातच. स्पॉटिफायला तर ३० दिवसांत एकदा तरी जालाशी जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत.

प्रत्येकी_दोन
@अडगळवाली, मॅक असेल तर एक युक्ती. ऑप्शन कळ दाबून धरून म्युझिक ॲप उघडा, कोणती लायब्ररी उघडू असं विचारेल. तिथे नवी, रिकामी लायब्ररी करा आणि सिंक तिच्यावरच चालू करा. जुनी लायब्ररी तशीच पडून राहील. विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये हेच शिफ्ट दाबून होतं. आणि 'मीडिया फोल्डर व्यवस्थित ठेवा' हा पर्याय बंद करा. नाहीतर टॅग बघून ते फायलींची नावं आणि फोल्डर स्वतःच बदलतं.

मूळ फोल्डर रीड-ओन्ली करणार असाल तर एक मेख आहे. मॅक आणि लिनक्सवर फाइल पुसण्याचा हक्क फायलीकडे नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्याकडे असतो. फक्त फायली कुलूपबंद वाटल्या तरी फोल्डर मोकळा असेल तर पुसल्या जातात. फोल्डरलाही रीड-ओन्ली करा.

अडगळवाली
हे माहीत नव्हतं! बरं, आत्तापर्यंत काय केलं ते सांगते.

दुर्मीळ वीस जीबी आधी वेगळे काढले. शंकेखोर, तुमच्या प्रश्नामुळेच ते सुचलं. ते आता दोन डिस्कांवर आणि साध्या क्लाउडवर आहेत, स्ट्रीमिंग ॲपला दाखवणारच नाही. बाकीच्यांची एकच डिस्क-प्रत, तीही काढून झाली. मग नव्या लायब्ररीत पन्नासेक गाणी टाकून 'हो' म्हटलं, मुद्दाम लाइव्ह आणि स्टुडिओ मिसळून. एक लाइव्ह चुकीचं जुळलं, बाकी ठीक. त्या गाण्याच्या नावात 'लाइव्ह' आणि साल घातलं, तरी बदल नाही.

कळफलक
आवाजाने जुळवलं असेल तर नाव बदलून फरक पडणार नाही. लायब्ररीतून ते गाणं काढा, फाइल ठेवा, सुरुवातीला चार-पाच सेकंद शांतता जोडून त्याची नवी प्रत करा आणि ती घाला. ठसा बदलला तर ते 'अपलोडेड' होईल. दर वेळी चालेलच असं नाही, पण मूळ फायलीला न दुखवता करून बघण्यासारखं आहे.

शंकेखोर
माझा उल्लेख सकारात्मक आला, नोंद घेतली जावी. आता सरळ प्रश्न. पुढे वर्गणी बंद केली तर यांच्या नव्या लायब्ररीत काय उरेल?

कळफलक
त्यांच्या भांडारातून घेतलेलं सगळं जाईल. मॅच आणि अपलोड झालेली गाणी ढगातून मिळायची बंद होतील. संगणकाच्या डिस्कवर तुमची म्हणून जी फाइल प्रत्यक्ष आहे, ती राहील. म्हणून वर्गणी बंद करण्याआधी क्लाउड स्टेटसचा स्तंभ पुन्हा बघायचा, फक्त ढगातच आहे असं आपलं काही दिसलं तर उतरवून घ्यायचं.

वाचनमात्र_आजवर
आणखी एक विचारू? आमच्याकडे फॅमिली प्लॅन आहे. मुलाने त्याच्या फोनवरून गाणी पुसली तर माझी जातील का?

सुटं_नाणं
प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर लायब्ररीही वेगळी, त्याने काहीही पुसलं तरी तुमचं जात नाही. घरोघरी होतं काय, की सगळे एकाच खात्याने लॉगिन करतात. मग मात्र एकाने काढलं की सगळ्यांचं गेलं. त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं कोणाचं आहे ते बघा.

वाचनमात्र_आजवर
माझंच निघालं.

बेसूर बादशहा
पळा, आधी फोन काढून घ्या त्याच्याकडून!